वसंतातील रानफुले आणि कॅमेरा: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ महिना सरत आला की ओळखीच्या आणि अनोळखी माणसांकडून मला तेच ते प्रश्न येऊ लागतात. पळस कुठे फुलला आहे, मोबाइलने चालेल का, अमुक फुलाचे नाव काय, आणि एवढे करून त्यातून मिळते तरी काय, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिताना घाईत काहीतरी राहून जाते, म्हणून ती उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

गोव्यात वसंत नेमका केव्हा सुरू होतो असे समजावे?

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने आहेत, परंतु कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने गुढीपाडव्याची वाट पाहिली तर निम्मा हंगाम हातचा गेलेला असतो. काटेसावर जानेवारीच्या अखेरीपासून पाने झाडून फुलू लागते. तिच्या मागोमाग पांगारा आणि पळस येतात, सुरंगीचा बहर साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, अंजनी मार्चनंतर निळी होते आणि बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस सोडतो. गावोगावी शिगम्याचे ढोल वाजत असतात तेव्हा रानातला रंग ऐन भरात असतो. किनाऱ्यालगतचा बार्देस आणि घाटाला टेकलेली सत्तरी यांत एकाच जातीचा बहर काही दिवसांनी मागेपुढे होतो, त्यामुळे एका ठिकाणी चुकलेले फूल दुसरीकडे सापडण्याची आशा असते.

उन्हाने जमीन तडकत असताना ही झाडे का फुलतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण त्याचे उत्तर कळले की छायाचित्र काढण्याची दृष्टीच बदलते. सावर, पळस, पांगारा यांची पाने गळलेली असल्यामुळे त्यांचे फूल लांबूनही पक्ष्यांच्या आणि कीटकांच्या नजरेस पडते. परागकण पावसाने धुऊन जाण्याची भीती नसते. शिवाय आता फुललेल्या यांतल्या अनेक झाडांच्या शेंगा आणि बोंडे मे महिन्यापर्यंत पिकून फुटतात आणि बी जमिनीवर पडते न पडते तोच मृगाचा पाऊस येतो. सावरीचा कापूस वाऱ्यावर उडताना सर्वांनी पाहिलेला असतो. तो कापूस पावसाच्या तोंडावर उडतो, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

मग जमिनीवर वसंतात काहीच फुलत नाही का?

फुलते, पण ज्यांनी परदेशांतील वासंतिक कुरणांची चित्रे पाहिलेली असतात त्यांची येथे निराशा होते, कारण आपल्याकडे जमिनीवरचा खरा वसंत आषाढ-श्रावणात येतो. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो, आणि मार्चमध्ये त्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. तेथील बहुतेक रोपे बी, कंद किंवा गड्डे या रूपात झोपलेली असतात. वळवाच्या पहिल्या सरींनंतर रानहळद पानांची वाट न पाहता जमिनीतून थेट फुलांचा तुरा वर काढते. त्यानंतर तेरडा, सीतेची आसवे, दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती आणि हबेनारिया हे जमिनीवरचे ऑर्किड यांची रांग लागते.

वसंतात जमिनीजवळ पाहायचे असेल तर डोंगरउतारावरची झुडपे आणि वेली पाहाव्यात. लालभडक धायटी, पांढऱ्या चांदण्यांसारखी करवंदाची फुले, रानजाईच्या कुळातली सुगंधी कुसर, आणि जांभ्याच्या उतारांवर जागोजाग आढळणारी पिटकोळी ही सगळी हाताशी असतात. उक्षीची वेल तर इतकी सर्वत्र आहे की तिच्याकडे कोणी बघतही नाही. तिच्या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना हिरवट पाकळ्या समजतो तो संदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातील दलांचा, भाग असतो, आणि फळ धरल्यावर तेच संदल पंखांसारखे वाढून फळाला वाऱ्यावर तरंगवतात. सकाळच्या तिरप्या उन्हात या कागदी पंखांतल्या शिरा इतक्या स्पष्ट दिसतात की महागड्या फुलांमागे धावण्याऐवजी एक सकाळ उक्षीला द्यावी, असे माझे मत आहे.

कुठे जावे आणि परवानगी लागते का?

आरंभ आपल्या गावापासूनच करावा. देवळामागची राय (राखलेली झाडी), भाटाच्या म्हणजे बागायतीच्या कडेचा गडगा (दगडी कुंपण), गावाबाहेरचा सडा आणि ओढ्याचा काठ एवढ्यात एका माणसाला दोन-तीन वर्षे पुरेल इतके काम असते. घाटाकडे जायचे असेल तर केरीहून चोर्ला घाटाचा रस्ता सोयीचा आहे, कारण वळणावर उभे राहिले की खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. सत्तरीतील म्हादई आणि सांग्यातील नेत्रावळी ही १९९९ मध्ये घोषित झालेली अभयारण्ये, काणकोणातील खोतीगाव, धारबांदोड्यातील भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, तसेच लहानसे बोंडला ही वन खात्याच्या अखत्यारीतील ठिकाणे आहेत. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करण्याची तरतूद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे आणि ती परवान्यावर चालते. त्यामुळे प्रवेशद्वारावर चौकशी करून, प्रवेशाची व कॅमेऱ्याची पावती घेऊनच आत जावे. अभयारण्यातील फूल, फांदी किंवा कंद बाहेर आणणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही खाली पडलेले आणि बिनमोलाचे वाटो. ड्रोनचा विचार परवानगीशिवाय मनातही आणू नये.

खासगी भाटात शिरताना मालकाला विचारावे. काजूचा हंगाम चालू असतो, आणि बोंडूंच्या दिवसांत झाडाखाली वाकून काहीतरी शोधणारा अनोळखी माणूस दिसला तर मालकाच्या मनात काय येईल, ते सांगायला नको.

कोणत्या वेळी छायाचित्रे काढावीत?

सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास सर्वांत चांगला. याचे एक कारण प्रकाश मऊ आणि तिरपा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण वारा आहे, आणि गोव्यात ते अधिक महत्त्वाचे ठरते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. या दोहोंच्या मधे काही काळ पान हलत नाही. जवळून फूल टिपणाऱ्याला हवा असतो तो हाच काळ. अकरानंतर किनारपट्टीत कुसरीच्या वेलीवर नेम धरून बसणे म्हणजे निव्वळ चिडचिड असते.

मात्र वेळ फुलाचीही पाहावी लागते. कुंभ्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी त्यांचे केसर गळून झाडाखाली पांढऱ्या-गुलाबी तंतूंचा थर पडलेला असतो, त्यामुळे नऊ वाजता पोहोचणाऱ्याला झाड ओकेबोके दिसते आणि तो “यंदा बहर नाही” असे सांगत परततो.

सुरंगीच्या बाबतीत ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या शेजारच्या काकींच्या परसात सुरंगीचे जुने झाड आहे. तिची फुले फांद्यांच्या जुन्या लाकडावरच गुच्छांनी येतात, आणि माळण्यासाठी लागतात ते उमलण्याच्या बेतात असलेले कळे, म्हणून ती खुडण्याचे काम अगदी सकाळी होते. मी तिपाई (ट्रायपॉड), भिंगे आणि उत्साह घेऊन नऊच्या सुमारास गेलो तेव्हा काकी ओसरीवर बसून तिसरा वळेसर ओवत होत्या. “नऊ वाजता कोण येतं सुरंगीला?” एवढेच त्या म्हणाल्या. झाडावर जी फुले राहिली होती ती उमलून पिवळ्या केसरांनी भरली होती आणि मधमाश्यांच्या आवाजाने झाड अक्षरशः गुणगुणत होते. त्या दिवशी मी कळ्यांऐवजी माश्यांची छायाचित्रे काढली, आणि खरे सांगायचे तर त्या हंगामातील तीच सर्वांत बरी निघाली.

चांगला कॅमेरा नसेल तर मोबाइलने भागते का?

भागते. मोबाइलची अडचण एवढीच की तो फार जवळ नेला की नेम (फोकस) बसत नाही आणि कडेने चित्र ताणले जाते. थोडे मागे सरकून दुप्पट झूम वापरावे, पडद्यावर फुलाच्या मध्यभागी बोट दाबून नेम पक्का करावा आणि प्रकाशाची पट्टी जराशी खाली ओढावी. पार्श्वभूमी धूसर करण्याची मोबाइलची सोय शक्यतो टाळावी, कारण ती केसरांचे टोक आणि पाकळीची कड यांत गोंधळ करते, आणि ओळख पटवण्यासाठी नेमके तेच भाग लागतात.

स्वतंत्र कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरचे मॅक्रो भिंग लहान फुलांसाठी उत्तम. फुलाच्या अगदी जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरचाच उरतो, म्हणून छिद्र, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट, एफ ८ ते एफ ११ ठेवावे. एफ १६ च्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच किंचित बोथट होऊ लागते. शटरचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागाच्या आसपास असावा आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ४०० किंवा ८०० पर्यंत वाढवण्यात कमीपणा मानू नये. आणखी एक साधी गोष्ट अशी की कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या पृष्ठभागाला समांतर धरली तर त्याच छिद्रात अधिक भाग स्पष्ट येतो. जमिनीलगतच्या फुलांसाठी तिपाईपेक्षा तांदळाने भरलेली कापडी पिशवी आणि गुडघ्यांखाली गोणपाट अधिक उपयोगी पडते, कारण जांभ्याचे टोकेरी खडे गुडघ्याला चांगलेच समजावून सांगतात.

पळस, सावर, पांगारा यांचा लाल-केशरी रंग छायाचित्रात सपाट डागासारखा का येतो?

कारण भर उन्हात कॅमेऱ्याची लाल रंग नोंदवणारी वाहिनी हिरव्या आणि निळ्या वाहिन्यांच्या आधी भरून वाहू लागते. एकूण प्रकाशाचा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगापुरते पाहिले तर तपशील केव्हाच नाहीसा झालेला असतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू करावी, प्रकाश दोन-तृतीयांश ते एक टप्पा (स्टॉप) कमी करावा, आणि चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावे. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे फुलावर सावली धरणे. पांढरी पातळ ओढणी दोघांनी ताणून धरली की पळसाच्या पाकळीवरची रेशमी लव दिसू लागते आणि तिच्या बुडाशी असलेला काळपट, मखमली कोश वेगळा उठून दिसतो.

पांढऱ्या फुलांची अडचण याच जातीची असते. कुडा, करवंद किंवा कुसर गर्द सावलीत असेल तर कॅमेरा अंधाराला भुलून फूल पांढरेफटक करतो, म्हणून तेथेही प्रकाश कमी करावा. उलट निरभ्र आकाशाच्या पार्श्वभूमीवर सावरीची फांदी टिपताना तो साधारण एक टप्पा वाढवावा लागतो, नाहीतर काळी आकृती तेवढी हाती येते.

उंच झाडावरील फुले कशी टिपावीत?

घाटाच्या वळणावरून किंवा टेकडीच्या वरच्या अंगाने २०० ते ३०० मिलिमीटरच्या भिंगाने. तेही नसेल तर खाली पाहावे. सावरीचे फूल ‘धप्’ असा स्पष्ट आवाज करून पडते, पाच मांसल पाकळ्यांसह अखंड पडते, आणि सकाळी ते इतके ताजे असते की देठापासून केसरापर्यंत सगळी रचना तळहाताच्या अंतरावरून पाहता येते. झाडावरचे फूल म्हणजे रंगाचा ठिपका, पण पडलेले फूल म्हणजे पूर्ण पाठ्यपुस्तक असते. एक सावधगिरी बाळगावी: दुरून लाल दिसणारे प्रत्येक झाड फुललेले नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाला जी कोवळी पालवी येते ती इतकी लाल असते की मीही एकदा तिच्यासाठी दोन टेकड्या ओलांडून गेलो होतो.

फुलाची ओळख कशी पटवावी?

केवळ फुलाच्या छायाचित्रावरून नव्हे. एका झाडाची किमान पाच चित्रे घ्यावीत: फूल समोरून, फूल बाजूने देठासह, पानाची मांडणी, खोडाची साल आणि संपूर्ण झाड. पळस आणि पांगारा यांचा घोटाळा हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. “पळसाला पाने तीनच” ही म्हण सर्वांच्या तोंडी असते, आणि त्यामुळे तीन पाने दिसली की पळस असे पुष्कळजण लिहून मोकळे होतात. पांगाऱ्यालाही त्रिदलच असते. फरक असा की पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात आणि त्याची लाल फुले फांदीच्या टोकाशी दाट तुऱ्याने येतात, तर पळसाचे फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखे वाकडे आणि काळपट कोशात बसलेले असते. किंशुक हे त्याचे संस्कृत नाव “हा पोपट तर नव्हे?” असे विचारते, आणि ओळखीची खूण म्हणून ते नाव आजही उपयोगी आहे.

मोबाइलवरील ओळख सांगणारी ॲप्स पहिला अंदाज देतात, निकाल देत नाहीत. खात्रीसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रकाशित केलेली प्रादेशिक वनस्पतिसूची किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांचा आधार घ्यावा. त्याआधी गावातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, रानातून फळे-फुले आणणाऱ्या माणसांना कोणते झाड कोणत्या ओहळाकाठी आहे हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते, आणि शास्त्रीय नाव ठाऊक नसले तरी त्यांची ओळख सहसा चुकत नाही. एका अडचणीची कल्पना असावी: एकाच झाडाचे नाव दोन तालुक्यांत वेगळे असते, म्हणून ऐकलेले नाव गावाच्या नावासह लिहून ठेवावे.

चांगल्या चित्रासाठी फूल वळवणे, आजूबाजूचे गवत काढणे किंवा पाणी शिंपडणे योग्य आहे का?

नाही. गवताची आडवी आलेली काडी हलकेच वाकवून नंतर सोडून द्यावी, त्यापलीकडे जाऊ नये. गवत उपटले की त्याच्या आडोशाने उभे असलेले नाजूक रोप दुपारच्या उन्हात उघडे पडते. पाणी शिंपडलेले फूल खोटे बोलते, एवढेच नव्हे तर परागकण भिजून निकामी होतात. फूल खुडून हातात धरलेली चित्रे मला पाठवू नयेत, ही विनंती.

पावसाळ्यात सड्यावर हे पथ्य आणखी कडक होते. तेथील सीतेची आसवे करंगळीएवढी उंच असतात, आणि एक फूल टिपण्यासाठी पोटावर पडलेला माणूस आपल्या कोपरांखाली पन्नास फुले चिरडतो. उघड्या खडकावरून चालावे, मातीच्या पट्ट्यावरून नव्हे.

सापडलेल्या दुर्मिळ फुलाचे ठिकाण जाहीर करावे का?

पळस, बहावा यांचे जरूर करावे. आमरांचे, म्हणजे ऑर्किडांचे, कधीही करू नये. मार्चमध्ये उघड्या फांद्यांवर पांढरे डेंड्रोबियम फुलते आणि पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी लोंबू लागते, तेव्हा फांदीसकट ती काढून नेणारे लोक असतात. घरी नेलेले हे आमर बहुधा मरते. सीताशोकाच्या बाबतीतही मी तालुक्यापलीकडे काही सांगत नाही, कारण औषधासाठी त्याची साल ओरबाडली जाते आणि जागतिक पातळीवर ही जात असुरक्षित गणली गेली आहे. मोबाइलच्या चित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते चित्र पाठवण्यापूर्वी काढून टाकावेत.

रानात कोणते धोके संभवतात?

जांभ्याच्या सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो आणि ते दिवसा दगडांच्या खाली विसावते, म्हणून दगड उचलू नये आणि न पाहता हात टेकू नये. मोठ्या सावरीवर आग्या मोहोळ आहे का हे आधी दुरून पाहावे. दहानंतर उन्हाचा तडाखा वाढतो; पाणी भरपूर न्यावे आणि एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यात जळवा लागतात, पण त्यांची भीती त्यांच्या अंगापेक्षा मोठी आहे.

सर्वांत मोठा धोका आपल्यापासून रानाला असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक डोंगरांवर वणवे पेटले होते, आणि त्या दिवसांत सत्तरीच्या आकाशातला धूर पाहिलेल्या माणसाला वाळक्या गवतात विडी ओढणाऱ्या छायाचित्रकाराबद्दल दयामाया वाटत नाही. वसंतात रानात आगपेटी नेऊच नये.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी येते, त्यावर उपाय काय?

हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, ज्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा वापरता येतात. माझे पहिले मॅक्रो भिंग चामडी पिशवीत घालून मी एक आख्खा पावसाळा कपाटात ठेवले होते, आणि गणेशचतुर्थीला बाहेर काढले तेव्हा त्याच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी सुरेख नक्षी उमटलेली होती. भिंग वापरात ठेवणे हाच खरा उपाय आहे. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर काचेवर दव धरते, तेव्हा ती पुसू नये, दहा-पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

एवढा खटाटोप करून फुलांकडून शिकायला काय मिळते?

हा प्रश्न थट्टेने विचारला जातो तितकाच मनापासूनही विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. फुले नम्रता शिकवतात, क्षणभंगुरता शिकवतात, अशी वाक्ये शुभेच्छापत्रांवर असतात आणि ती तेथेच ठीक आहेत. मला फुलांकडून मिळाला तो एक प्रश्न: हे कोणाला उद्देशून आहे?

पळसाचेच पाहा. रूप, तारुण्य आणि मोठे कुळ असूनही विद्याहीन माणसे शोभत नाहीत, असे सांगताना आपल्या सुभाषितकाराने “निर्गन्धा इव किंशुकाः” अशी उपमा दिली, आणि तेव्हापासून बिचारा पळस दिखाऊपणाचे उदाहरण होऊन बसला आहे. मीही शाळेत हा श्लोक पाठ केला होता. पुढे एका सकाळी सत्तरीत पळसाखाली तासभर भिंग लावून बसलो असताना एक शिंजीर आला, पाठोपाठ साळुंक्या आल्या, मग बुलबुल. एकेक पक्षी चोच फुलात घालून बाहेर काढी, तेव्हा त्याच्या कपाळावर पिवळी धूळ लागलेली दिसे. ते चित्र पडद्यावर मोठे करून पाहताना माझ्या ध्यानात आले की पळसाला वास नाही, कारण त्याचे पाहुणे वासाच्या मागाने येतच नाहीत. पक्ष्यांना तांबडा रंग उत्तम दिसतो. मधमाश्यांना तो नीट दिसत नाही, त्यांना निळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश जवळचा. वास तयार करण्याचा खर्च पळसाने केलेला नाही, त्याऐवजी मध भरपूर ठेवला आहे आणि चोचीचा भार सोसेल अशी जाड पाकळी घडवली आहे. आपण ज्याला उणीव म्हणत आलो तो त्याच्या हिशेबातला चोख व्यवहार आहे. श्लोक लिहिणाऱ्याने आपले नाक प्रमाण धरले होते.

एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला की इतर फुलेही निराळी दिसू लागतात. पिटकोळीची बारीक लांब नळी फुलपाखराच्या सोंडेसाठी आहे. आमच्या लहानपणी सगळी मुले तिचे देठ ओढून मध चोखत असत, आणि त्या थेंबाचा खरा धनी कोणी दुसराच आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. कुंभा रात्री फुलतो, कारण त्याच्याकडे येणारी वटवाघळे रात्रीच येतात. सीताशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतात, रंगीत संदलांवरच तो काम भागवतो, आणि फूल जुने होत जाते तसा त्याचा केशरी रंग लाल होतो. जेथे माती निःसत्त्व आहे त्या सड्यावर सीतेची आसवे आपल्या मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातील सूक्ष्म जीव ओढून घेतात आणि अशा रीतीने नत्राची गरज भागवतात. आपण तिच्या निळ्या फुलावर लुब्ध असतो तेव्हा जमिनीखाली शिकार चाललेली असते.

या सगळ्यात छायाचित्रकाराचे स्थान कोणते, याचाही विचार होतो. फुलाने ज्यांना बोलावले त्यांत आपण नाही. आपण बिनबोलावता आलेलो आहोत, आणि बिनबोलावता आलेल्याने कसे वागावे हे गोव्यातल्या घरांत लहानपणीच शिकवलेले असते: उंबऱ्याशी थांबावे, वाट अडवू नये, आणि यजमानाचे काम चालू असेल तर मधे बोलू नये. मी हल्ली भिंग लावण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे नुसता उभा राहून कोण येते-जाते ते पाहतो. त्यामुळे चित्रे संख्येने निम्मी झाली आहेत.

बहर चुकला तर काय करावे?

अंजनीसारख्या फुलाच्या बाबतीत हे वारंवार होते, कारण तिचा निळा-जांभळा बहर एकाएकी येतो आणि थोड्या दिवसांत ओसरतो. मी एकदा बुधवारी पाहिलेला बहर रविवारी निवांत टिपू म्हणून ठेवला, आणि रविवारी झाडाखाली निळसर भुसा तेवढा होता. चुकलेल्या बहराचीही नोंद करावी आणि फळे टिपायला पुन्हा जावे. सह्याद्रीतील कारवी सात-सात वर्षे वाट पाहायला लावते, त्या मानाने अंजनी उदार आहे.

काढलेल्या चित्रांचे पुढे काय करावे?

निवडक दहा ठेवावीत आणि बाकीची पुसावीत, हा सल्ला मी देत नाही. वाईट चित्रावरही तारीख असते. प्रत्येक झाडासाठी एक वेगळा फोल्डर करावा, त्यात जागा, दिनांक आणि शक्य तर तिथी लिहावी, पहिला कळा कधी दिसला, ऐन बहर कधी होता, शेवटचे फूल कधी पडले आणि त्या दिवशी झाडावर कोण कोण होते याची दोन ओळींत नोंद करावी. त्याच झाडाकडे दर वर्षी जावे. पाऊस लांबला किंवा थंडी कमी पडली तर बहर किती सरकतो, हे अशा साध्या वहीतून कळू लागते.

शेजारच्या सुरंगीची माझी वही आता बरीच भरली आहे. हल्ली माघ संपायच्या सुमारास काकीच कुंपणापलीकडून विचारतात, गेल्या वर्षी कळे कोणत्या तारखेला धरले होते ते जरा बघून सांग. मी वही काढून तारीख सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या परसात बॅटरी घेऊन हजर राहतो.